सीसीएनए, सीसीएनपी की फायरवॉल: आधी कोणतं, आणि तीन वर्षांनी काय?

प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण बीसीएस, पुण्यात डेस्कटॉप सपोर्टला अडीच वर्षं, पगार २२,००० रुपये, आणि नेटवर्किंगमध्ये जायचंय. ही अडीच वर्षं फुकट गेली असं वाटतं, आणि सबनेटिंगची, म्हणजे नेटवर्कचे पत्ते गटांत विभागायच्या गणिताची, धास्ती आहे. एका क्लासने सीसीएनए, सीसीएनपी (सिस्को या नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या कंपनीची सुरुवातीच्या आणि त्यावरच्या पातळीची सर्टिफिकेटं), फायरवॉल (नेटवर्कमध्ये काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारं उपकरण) आणि क्लाउड असं सहा महिन्यांचं पॅकेज ८५,००० रुपयांत देऊ केलंय, सोबत 'जॉब गॅरंटी'. सवलत हवी तर शनिवारपर्यंत १०,००० आगाऊ भरायचे. ऑफिसातले एक सीनियर मात्र म्हणतात की सर्टिफिकेट तीन वर्षांत बाद होतं, पैसे वाया जातात. मग घ्यायचं का, कोणतं घ्यायचं, आणि घेतलं तर टिकवायचं कसं?

मी या क्षेत्रात सोळा वर्षं आहे. सुरुवात नाशिकला डेस्कटॉप सपोर्टनेच केली. मग एका सिस्टिम इंटिग्रेटरकडे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची नेटवर्क उभारून देणाऱ्या कंपनीत, मग पुण्यात नॉकच्या, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या, रात्रपाळ्या, आणि आता एका मोठ्या कंपनीचं कॅम्पस आणि डेटा सेंटर नेटवर्क सांभाळते. गेली काही वर्षं एल-वन, एल-टूच्या, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या दोन पातळ्यांच्या, मुलाखतीही घेते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते सांगू शकेन.

तुमचं आजचं काम वापरकर्त्याच्या टेबलाशी संपतं आणि तुम्हाला स्विचच्या रॅकपर्यंत पोचायचंय. खरी अडचण एवढीच आहे. क्लासने त्यावर चार सर्टिफिकेटांचं उत्तर दिलं, सीनियरांनी शून्याचं. माझं उत्तर आहे एक. सर्टिफिकेट नेहमी पुढच्या सहा-आठ महिन्यांत ज्या कामाला हात लागणार आहे त्याचं घ्यावं. ज्या उपकरणाच्या जवळपासही तुम्ही फिरकणार नाही, त्याचं सर्टिफिकेट मुदत संपायच्या खूप आधी डोक्यातून गेलेलं असतं.

हे तुमच्याच रोजच्या टिकेटवरून, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवरून, सांगते. वापरकर्त्याचा फोन येतो, 'नेट चालत नाही'. तुम्ही जाता, ipconfig (संगणकाचा आयपी पत्ता दाखवणारी आज्ञा) बघता, पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे डीएचसीपीकडून, संगणकांना आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नाही. तुम्ही केबल काढून लावता, रिन्यू करता, पॅच कॉर्ड बदलता, तरी नाही जमलं तर टिकेट नेटवर्क टीमकडे ढकलता. तुमच्या दृष्टीने काम तिथे थांबतं, आणि नेटवर्क इंजिनिअरचं तिथून सुरू होतं. तो पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) आहे? काल कुणी जागा बदलली आणि पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये राहिला का? तो व्हीलॅन अपलिंकच्या ट्रंकवर (वरच्या स्विचकडे अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर) जाऊ दिलाय का? डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर गेटवेवर हेल्पर ॲड्रेस (मागणी तिकडे पोचवणारा रिले) लावलाय का? स्कोपमधले, म्हणजे वाटायला ठेवलेले, पत्ते संपलेत का? डीएचसीपी स्नूपिंग (खोट्या डीएचसीपी सर्व्हरला अडवणारी सोय) सुरू असेल तर अपलिंक ट्रस्टेड आहे का?

आता सीसीएनएचा अभ्यासक्रम उघडून बघा. वापरकर्त्याच्या संगणकावरचा आयपी तपासणं 'नेटवर्क फंडामेंटल्स'मध्ये आहे, त्याला २० टक्के वजन. व्हीलॅन आणि ट्रंक 'नेटवर्क ॲक्सेस'मध्ये, तेही २० टक्के. डीएचसीपी रिले 'आयपी सर्व्हिसेस'मध्ये, १० टक्के. स्नूपिंग 'सिक्युरिटी फंडामेंटल्स'मध्ये, १५ टक्के. राहिलं 'आयपी कनेक्टिव्हिटी', म्हणजे राउटिंग, २५ टक्के, आणि ऑटोमेशन १० टक्के. तुम्ही रोज ढकलता त्या एकाच टिकेटमध्ये सहापैकी चार विभाग येऊन जातात. म्हणून तुमच्यासाठी पहिलं सर्टिफिकेट सीसीएनएच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मुलाखतीत हा १६९.२५४ चा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक फ्रेशरला विचारते. डेस्कटॉप सपोर्टमधून आलेला उमेदवार नीट शिकून आला असेल तर इथे इंजिनिअरिंगच्या ताज्या पदवीधरापेक्षा पुढे असतो, कारण त्याने ती टिकेटं प्रत्यक्ष पाहिलेली असतात. तुमची अडीच वर्षं फुकट गेली असं तुम्ही लिहिलंय, ते मला पटत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी. त्यांत सर्वांत मोठी म्हणजे तुम्ही कोणत्या प्रकारच्या कंपनीत जाऊ पाहता.

सिस्टिम इंटिग्रेटर किंवा पार्टनर कंपन्यांत सर्टिफिकेटला थेट किंमत असते. सिस्कोसारख्या उत्पादकाकडून पार्टनरचा दर्जा आणि स्पेशलायझेशन मिळवायचं तर ठरावीक सर्टिफिकेट असलेली माणसं पगारपत्रकावर दाखवावी लागतात. सरकारी निविदांतही अनेकदा सर्टिफाइड इंजिनिअरचे बायोडेटा जोडायला सांगतात. अशा ठिकाणी तुमचं सर्टिफिकेट कंपनीच्या गरजेची गोष्ट असते, म्हणून परीक्षेचा खर्च बहुधा कंपनी उचलते, बदल्यात कधी एक-दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेते. तो आधी वाचा आणि रक्कम किती ते बघा.

बँक, कारखाना, हॉस्पिटल यांच्या स्वतःच्या आयटी विभागात चित्र वेगळं असतं. तिथे सर्टिफिकेट मुलाखतीचं दार उघडतं, पुढे तुम्ही काय सांभाळलंत तेच बघतात. हिंजवडी-खराडीतल्या मोठ्या सेवा कंपन्या या दोन्हींच्या मध्ये येतात: भरती करणारा माणूस आधी बायोडेटात 'सीसीएनए' हा शब्द शोधतो, तो नसेल तर माझ्यासारखीपर्यंत तो कागद पोचतच नाही. तुमच्या सीनियरांना बहुतेक दहा-बारा वर्षांचा अनुभव असेल. त्या टप्प्यावर सर्टिफिकेट खरंच फारसं कुणी विचारत नाही. त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर आहे, तुमच्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट, तुमच्या आजच्या ऑफिसात कोणती उपकरणं आहेत. फायरवॉल फोर्टिनेट कंपनीचा फोर्टिगेट असेल आणि तो सांभाळणारा माणूस तुम्हाला शेजारी बसवून शिकवायला तयार असेल, तर सीसीएनएनंतरचं दुसरं सर्टिफिकेट फोर्टिनेटचं घ्या. त्यांचे स्वतः शिकायचे कोर्स मोफत आहेत, त्यासाठी क्लासला वेगळे पैसे द्यायची गरज नाही. मात्र २०२३ मध्ये त्यांनी एनएसई या आपल्या सर्टिफिकेटांच्या पातळ्यांची रचना मोडून एफसीए, एफसीपी अशी नवी नावं आणली. जाहिरातींत जुनी नावं बराच काळ राहतात, म्हणून बायोडेटात जुनं-नवं दोन्ही लिहावं. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीत जाणार असाल तर ज्युनिपर या नेटवर्क कंपनीचं जेएनसीआयए हे सुरुवातीचं सर्टिफिकेट उपयोगी पडतं. जुलै २०२५ मध्ये ज्युनिपर एचपीईने (ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझने) घेतली. कंपनी विकली गेली की तिचा सर्टिफिकेशन कार्यक्रमही बदलू शकतो, म्हणून पैसे भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर परीक्षेचा क्रमांक पुन्हा तपासायचा.

कॉम्पटिया या संस्थेचं नेटवर्क प्लस कुठल्याही एका कंपनीशी बांधलेलं नाही आणि अभ्यासक्रम चांगला आहे. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या कामांसाठी मान्य असलेल्या यादीत ते राहिलं आहे, तिथे त्याला वजन आहे. आपल्याकडे त्याच पैशांत सीसीएनए जास्त दारं उघडतं.

क्लाउड आत्ता नको. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरचं एझेड-७०० किंवा ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसचं ॲडव्हान्स्ड नेटवर्किंग हे सबनेट, राउटिंग आणि व्हीपीएन ज्याच्या हाताखालून गेलंय त्याच्यासाठी आहे. एखादं वर्ष नेटवर्कवर काम केलंत की तोच अभ्यास निम्म्या वेळात होईल.

सीसीएनपीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पॅकेजमध्ये सर्वांत जास्त पैसे तिथे लावलेले दिसतात. २४ फेब्रुवारी २०२० पासून सिस्कोने सगळी रचना बदलली. सीसीएनएचे वेगवेगळे फाटे जाऊन २००-३०१ ही एकच परीक्षा राहिली आणि वरच्या परीक्षांसाठी खालचं सर्टिफिकेट असायलाच हवं ही अट गेली. म्हणजे नियमाने आज तुम्ही थेट सीसीएनपीला बसू शकता, आणि क्लास हेच सांगून ते विकतात. पण माझ्यासमोर शून्य नेटवर्क अनुभवाचा उमेदवार सीसीएनपी घेऊन बसतो तेव्हा मी प्रश्न सीसीएनपीच्या पातळीचे विचारते, विचारावेच लागतात. ओएसपीएफची (राउटरांनी एकमेकांना मार्ग सांगायच्या पद्धतीची) शेजारी जोडी एक्सस्टार्टमध्ये (जुळण्याच्या एका मधल्या अवस्थेत) अडकून पडलीय, काय बघाल? ज्याने एकदा तरी हे भोगलंय तो लगेच म्हणतो, दोन्ही बाजूंचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) जुळतोय का बघतो. पाठ केलेला माणूस ओएसपीएफच्या सगळ्या अवस्था क्रमाने म्हणून दाखवतो आणि थांबतो. ज्या मुलाची मी सीसीएनएवर आनंदाने निवड केली असती, तो सीसीएनपी लिहून आल्यामुळे नापास होतो. हे मी अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

डम्पबद्दलही, म्हणजे परीक्षेतून फोडलेल्या खऱ्या प्रश्नांच्या संचांबद्दलही, इथेच सांगते. क्लासमध्ये कुणीतरी पीडीएफ देईलच. परीक्षेच्या आधी तुम्ही गोपनीयतेचा करार मान्य करता, आणि तो मोडल्याचं सिद्ध झालं तर सिस्को सर्टिफिकेट रद्द करून पुढच्या परीक्षांवर बंदी घालू शकते. त्याहून माझा जवळचा आक्षेप असा की रात्री दोन वाजता एखाद्या हॉस्पिटलची लिंक पडलेली असते, तुम्ही एकटे शिफ्टवर असता, आणि पलीकडची माणसं तुमच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवून थांबलेली असतात.

इथपर्यंतचं एका वाक्यात: आत्ता फक्त सीसीएनए, नोकरी लागल्यावर तिथल्या उपकरणांप्रमाणे दुसरं, आणि सीसीएनपी वर्ष-दीड वर्ष काम झाल्यावर.

खर्च आणि तयारी. सीसीएनएची परीक्षा ३०० डॉलरची आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी. रुपयांत तीस हजारांच्या आसपास धरून चला आणि भरायच्या दिवशीचा डॉलरचा भाव बघा. नापास झालात तर पाच दिवसांनी पुन्हा बसता येतं, पण शुल्क पुन्हा पूर्ण. म्हणून तारीख घ्यायची घाई नको. रोज दीड तास आणि सुटीच्या दिवशी चार तास दिलेत तर पाच-सहा महिने पुरतात, असा माझ्या टीममधल्या मुलांचा अनुभव आहे. सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे पडद्यावर नेटवर्क मांडून बघायचं सॉफ्टवेअर, मोफत मिळतं आणि सीसीएनएपुरतं ते भरपूर आहे. मुंबईला जाणं झालं आणि लॅमिंग्टन रोडवर सिस्कोचा एखादा जुना २९६० स्विच परवडला तर जरूर घ्या. कन्सोल केबल लावून विसरलेला पासवर्ड काढणं आणि पंख्याच्या आवाजात पोर्टचा दिवा नारिंगीचा हिरवा होताना बघणं यातून जे कळतं ते पडद्यावर तितकंसं कळत नाही. पण त्याच्याशिवाय अडणार नाही.

सबनेटिंगची धास्ती तुम्ही लिहिलीय. रोज सकाळी पाच पत्ते घ्या आणि कागदावर सोडवा. १९२.१६८.१०.७७ /२६ हा कोणत्या सबनेटमधला? /२६ म्हणजे ६४-६४ चे गठ्ठे: ०, ६४, १२८, १९२. ७७ हा ६४ च्या गठ्ठ्यात. नेटवर्क .६४, ब्रॉडकास्ट .१२७, वापरता येणारे .६५ ते .१२६, एकूण ६२. महिनाभर केलंत की बोटं मोडावी लागणार नाहीत.

अभ्यासक्रम जुना तर नाही ना हेही बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये २००-३०१ ची १.१ आवृत्ती आली. त्यात ऑटोमेशनची पपेट आणि शेफ ही साधनं जाऊन टेराफॉर्म आलं, एआयची तोंडओळख आली, स्पॅनिंग ट्रीत (स्विचांमध्ये चक्र होऊ न देणाऱ्या पद्धतीत) रूट गार्डसारख्या गोष्टी वाढल्या. क्लासच्या नोट्स २०२० च्या असतील तर या भागांत मार्क जातात.

आता टिकवणं. इथे मी स्वतः चूक केलीय, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते. मी सीसीएनए २०१० मध्ये केलं आणि २०१३ मध्ये राउट, स्विच, टीशूट असे तीन पेपर देऊन सीसीएनपी. मुदत २०१६ पर्यंत होती. त्या वर्षी आमच्याकडे नेटवर्कच्या एका मोठ्या स्थलांतराचं काम चाललं होतं, दर शनिवारी रात्री चेंज विंडो, म्हणजे बदल करायची ठरलेली वेळ. तारीख माहीत होती, 'हा टप्पा झाला की पेपर देते' असं म्हणत तीन वेळा पुढे ढकललं आणि मुदत उलटून गेली. सोबत सीसीएनएही गेलं, आणि तेव्हा सीसीएनएची पूर्वअट होती. एका पेपरने जे वाचलं असतं त्यासाठी मला पुन्हा चार पेपर द्यावे लागले. पुढच्या कामासाठी कंपनीने नावं पाठवली तेव्हा माझं नाव यादीत नव्हतं. ते मला फार लागलं होतं.

आजचे नियम त्या मानाने पुष्कळ सोपे आहेत. सीसीएनए, सीसीएनपी आणि त्याहून वरचं सीसीआयई, सगळ्यांची मुदत तीन वर्षं. सीसीएनए चालू ठेवायचं तर मुदतीत असोसिएट (सीसीएनएच्या) पातळीची कोणतीही एक परीक्षा, किंवा प्रोफेशनल (सीसीएनपीच्या) पातळीची एक परीक्षा, नाहीतर ३० सीई (पुढे शिकत राहिल्याचे) क्रेडिट, एवढं पुरतं. सीसीएनपीला ८० क्रेडिट, किंवा ४० क्रेडिट अधिक एक कॉन्सन्ट्रेशन (निवडलेल्या विषयाची) परीक्षा, किंवा परीक्षांचेच इतर पर्याय. क्रेडिट सिस्कोच्या मान्य कोर्समधून मिळतात, आणि अधूनमधून ते काही कोर्स मर्यादित काळासाठी मोफत उघडतात. माझं सीसीएनपी गेल्या खेपेला मी पूर्ण क्रेडिटवर चालू ठेवलं, पेपर न देता.

तुमच्यासाठी मात्र मी दुसरा मार्ग सुचवेन. सीसीएनए झाल्यावर पहिलं दीड वर्ष काहीही नवं नको, फक्त काम. मग ३५०-४०१, म्हणजे एन्कॉर या सीसीएनपीच्या मुख्य पेपरचा अभ्यास सुरू करायचा आणि अडीच वर्षांच्या आत तो पेपर द्यायचा. तो ४०० डॉलरचा आहे, पण पास झालात की सीसीएनएची मुदत त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं वाढते, आणि सीसीएनपी एंटरप्राइझचा अर्धा भाग खिशात येतो. राहिलेला कॉन्सन्ट्रेशनचा पेपर, बहुतेकांचा ३००-४१० एनार्सी, ३०० डॉलरचा, पुढच्या तीन वर्षांत कधीही. जुनं टिकवायला वेगळा खर्च येत नाही. शेवटचे सहा महिने मोकळे ठेवा, कारण नेमक्या त्याच काळात घरातलं लग्न, आजारपण किंवा प्रोजेक्टची डेडलाइन येते.

इतरांचे हिशेब वेगळे असतात. एडब्ल्यूएसची तीन वर्षांची मुदत, फोर्टिनेटची दोन. मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट सर्टिफिकेटची एकच वर्ष, पण ते शेवटच्या सहा महिन्यांत घरबसल्या, मोफत, पुस्तक उघडून देता येणाऱ्या चाचणीने वाढवता येतं. तरी तारीख चुकली तर मूळ परीक्षा पुन्हा.

सगळीच टिकवायची नसतात, हेही सांगते. माझं सीसीएनए वायरलेस मी जाणूनबुजून जाऊ दिलं, कारण तीन वर्षांत वायरलेसचं एकही डिझाइन माझ्याकडे आलं नाही. बायोडेटात ते वर्षासकट 'पूर्वी' म्हणून लिहिलं. खरं लिहिलेल्या जुन्या सर्टिफिकेटबद्दल कुणी वाईट मत करून घेत नाही. मुदत संपलेलं चालू आहे असं लिहिणं मात्र एका पडताळणीत उघडं पडतं.

दोन छोट्या गोष्टी, ज्यांच्यामुळे माझ्या ओळखीची माणसं अडकलीत. एक, सर्टिफिकेशनचं खातं नेहमी स्वतःच्या वैयक्तिक ईमेलवर काढा. ऑफिसच्या ईमेलवर काढलंत आणि नोकरी सोडलीत की मुदतीच्या सूचनाही गेल्या आणि पासवर्ड बदलायची सोयही. दोन, नाव. आपल्याकडे एका कागदावर नाव-आडनाव, दुसऱ्यावर मध्ये वडिलांचं नाव, लग्न झालेल्या मुलींची आणखी वेगळी गत. परीक्षा केंद्रावर दाखवणार ते ओळखपत्र समोर ठेवूनच खात्यात नाव भरा, अक्षरन् अक्षर तसंच. नाव जुळलं नाही म्हणून केंद्रावरून परत आलेली मुलगी मी पाहिलीय, शुल्क बुडालं ते वेगळंच.

राहिला शनिवार. १०,००० भरू नका. क्लास वाईटच असतात असं मी म्हणत नाही, शिस्त लागते म्हणून अनेकांना उपयोग होतो. पण फक्त सीसीएनएची फी किती, त्यात परीक्षेचं शुल्क धरलंय का, आणि 'जॉब गॅरंटी' म्हणजे नोकरी न लागल्यास किती पैसे कधी परत, हे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर लेखी मिळालं नाही तर विषय संपला. आणि 'दोन वर्षांचा नेटवर्कचा अनुभव दाखवून देऊ' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. पडताळणी करणारे पीएफचा यूएएन इतिहास काढतात, त्यात तुम्ही कोणत्या महिन्यात कुठे होतात ते स्पष्ट दिसतं, आणि त्यात सापडलेल्या उमेदवाराला आम्ही पुन्हा बोलावत नाही.

शनिवारी त्याऐवजी पॅकेट ट्रेसर उतरवून घ्या, दोन स्विच आणि एक राउटर मांडा, डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये ठेवा, आणि संगणकावर मुद्दाम १६९.२५४ आणून दाखवा. मग तो पाच वेगवेगळ्या कारणांनी आणा आणि पाचही वेळा दुरुस्त करा. सोमवारी नेटवर्क टीमला विचारा की पुढचं असं टिकेट ते बघतील तेव्हा शेजारी बसू देतील का. आणि ऑफिसात कोणते स्विच, कोणता फायरवॉल आहे ते मला कळवा, म्हणजे दुसऱ्या सर्टिफिकेटबद्दल नेमकं सांगता येईल.